अकरा चाळीस

शाळेचा कागद येऊन नऊ दिवस झाले होते, आणि नऊ दिवसांत मेघाने त्याची घडी इतक्या वेळा उघडली होती की तो मधोमध फाटायला आला होता. कागदावर मोजून चार ओळी. आपल्या पाल्याचे वय ३१ डिसेंबर २०२६ रोजी सहा वर्षे पूर्ण होत नसल्याने इयत्ता पहिलीत प्रवेश देता येत नाही. पाल्यास सिनियर केजीमध्ये पुन्हा बसवावे. पाल्याचे नाव, पारमिता इंद्रजीत हिवराळे. जन्मतारीख, १ जानेवारी २०२१. खाली मुख्याध्यापिकेची सही, आणि सहीच्या बाजूला कोणीतरी पेनाने गोल करून लिहिलेलं : १ दिवस कमी.

त्या गोलाचा मेघाला सगळ्यात जास्त राग येत होता. नियम म्हणा, सरकार म्हणा, त्यांचं आपलं काही वैर नाही. पण हा गोल कोणीतरी माणसाने हाताने काढला होता. खुर्चीत बसून, बोटांवर मोजून, बरोबर एकच दिवस निघतो हे बघून त्याने तो काढला होता आणि मग कागद पाकिटात घातला होता.

रविवारी घरात बैठक बसली ती ह्या कागदासाठी. बोलावलं होतं मेघाने, आणि हिवराळ्यांच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. आजवर बैठक बसायची ती तिच्या सासऱ्यांच्या, अप्पारावांच्या शब्दावर. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेत कारकुनी केलेला माणूस. घरातला प्रत्येक दाखला, प्रत्येक कार्ड, प्रत्येक पावती त्यांच्या निळ्या फाईलमध्ये, आणि फाईल त्यांच्या पलंगाशेजारच्या कपाटात कुलपाआड. मुकुंदवाडीच्या त्या गल्लीतल्या अर्ध्या लोकांचे अर्ज त्यांनी लिहून दिले होते आणि त्यांचा अर्ज कुठल्याही टेबलावरून परत आला नव्हता. त्याचा त्यांना केवढा अभिमान! गल्लीत कोणाचं काम अडलं की लोक म्हणायचे, अप्पारावांकडे जा. फक्त ह्या वेळी, घरातल्याच कामाला, अप्पाराव नऊ दिवस काही बोलले नव्हते. मेघाला वाटलं, वय झालं. थकले असतील.

करमाडहून नणंद आली होती, रत्नमाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग शिकवते, म्हणून तिला मुद्दाम बोलावलेलं. मेघाचा नवरा इंद्रजीत चितेगावच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला होता आणि आंघोळ करून भिंतीला टेकून बसला होता, डोळे लाल. सासूबाई, पारूबाई, कूलरच्या समोर शेंगा फोडत होत्या. आणि मितू, म्हणजे पारमिता, शेजारच्यांकडे खेळायला पाठवलेली. दारामागच्या खुंटीला तिचा पहिलीचा नवा ड्रेस टांगलेला होता. मेघा घरी शाळांचे ड्रेस शिवायची. गिऱ्हाइकांचे शंभर ड्रेस बाजूला ठेवून तिने फेब्रुवारीतच हा एक शिवला होता, उंची दोन बोटं वाढवून, म्हणजे दोन वर्षं चालेल.

“शिक्षण विभागातबी जाऊन आले,” मेघा म्हणाली. “साहेब म्हणतो, बाई, एक दिवस काय अन् एक महिना काय, कॉम्प्युटरला दोन्ही सारखंच. मी म्हणलं, साहेब, कॉम्प्युटरला नाय कळत, तुम्हाला तर कळतं ना? तर वर मान करून म्हणतो कसा, जानेवारीची सगळीच लेकरं थांबत्यात, तुमचं काय सोन्याचं हाय का?”

“तू काय म्हणलीस?” पारूबाईंनी विचारलं.

“मी म्हणलं, व्हय. सोन्याचं हाय.”

पारूबाई शेंगा फोडता फोडता हसल्या. रत्नमाला मात्र हसली नाही.

रत्नमालेला खरं तर यायचंच नव्हतं. भावजय हुशार, कष्टाळू, तिच्याशी भांडण म्हणजे स्वतःच्याच माणसाशी भांडण. पण गेले आठ दिवस रोज फोनवर तेच चाललं होतं, आणि वर्गातली लेकरं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. आईबापाच्या हट्टापायी साडेचार-पाच वर्षांची आणून बसवलेली. दुपारची खिचडी पोटात गेली की दप्तरावर डोकं ठेवून झोपणारी. ‘क’ काढताना पेन्सिल मोडली की रडणारी. त्यांच्या वतीने बोलायला कोणीच नसतं, म्हणून ती बोलत होती.

“मेघा, तुला राग येतोय ते मला कळतं,” ती म्हणाली. “पण नियम चुकीचा नाय. कुठंतरी रेघ ओढावीच लागती. आज मी एका दिवसाला हो म्हणलं, की उद्या दोन दिवसवाला येऊन उभा राहतो. परवा आठवडावाला. मग मी कोणाला नाय म्हणू?”

“रेघ ओढा ना ताई. मी कुठं नाय म्हणते? पण माझ्या पोरीच्या अंगावरूनच काहून ओढायलात?”

“कोणाच्या तरी अंगावरून जाणारच ना गं ती!”

“मग तुमच्या लेकीच्या अंगावरून गेली असती तर असंच बोलला असता?”

“असंच बोलले असते,” रत्नमाला म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. “कारण मी रोज बघते. तुम्ही लोक एकदा लेकराला शाळेत ढकललं की मोकळे. सांभाळायचं आम्ही.”

“ढकललं? ती वाचती, ताई! रेल्वे स्टेशनवरची पाटी वाचती, किराणा दुकानाची पाटी वाचती. तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरी जूनमदी वरच्या मजल्यावर जाणार अन् ही खालीच, बारक्या पोरांत, तीच पुस्तकं घिऊन. परवा मला इचारती, मम्मी, मी नापास झाले का? काय सांगू तिला? मुख्याध्यापिका म्हणल्या की जन्माचा दाखला बदलून आणला तर पंधरा दिवस जागा ठिवते, नायतर सिस्टीम घेत नाय. दाखला काय बदलायचा? एक तारखेला झालेलं लेकरू मी एकतीसला कुठून आणू?”

इंद्रजीतने डोळे मिटून घेतले. झोप आली असेल, असं मेघाला वाटलं.

आतापर्यंत पलंगावर गप्प बसलेले अप्पाराव घसा साफ करून बोलले, “मी काय म्हणतो, एका वर्षानं काय बिघडतं? पोरगी आणखी पक्की होईल. वर्गात पहिली येईल. इतकं डोकं तापवून घेण्यासारखं काय हाय त्यात?”

मेघा त्यांच्याकडे वळली. सासऱ्यांना ती कधी उलट बोलली नव्हती. लग्नाला आठ वर्षं झाली, त्यांच्यासमोर ती आवाज खालीच ठेवून बोलायची, भीतीने नाही, मानाने.

“बाबा, एका वर्षानं काय बिघडतं ते मला इचारा. दिवाळी झाली की माझे आईबाप ऊस तोडायला जायचे. मी तिसरीत असताना मला संगं नेलं, परत आले तर वर्ष गेलं. पाचवीत पुन्यांदा तसंच. एकेक वर्षच गेलं, बाबा. कोणी मेलं नाय. फक्त वर्गात मी सगळ्यांत उंच झाले. शेवटच्या बाकावर बसायचे. पोरी मला काकू म्हणायच्या. दहावी झाले तव्हा अठरावं सरत आलं व्हतं. अकरावीत नाव घातलं तर चुलते म्हणले, वय झालंय पोरीचं, अजून किती शिकवता? त्या दोन वर्षांपायी माझी बारावी राहिली. नायतर आज ताई शिकवतात तशी मी शिकवत असते. कोणाचे ड्रेस शिवत नसते बसले.”

रत्नमालेने मान खाली घातली. तिला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने विचारलंही नव्हतं.

पारूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांना अक्षर येत नव्हतं. कागद, तारखा, सह्या हे सगळं नवऱ्याचं खातं, त्यात त्या कधी पडल्या नाहीत. गेले नऊ दिवस ‘वय बसत नाय, वय बसत नाय’ एवढंच त्यांच्या कानावर पडत होतं, आणि त्यांना वाटायचं, पोरगी अंगाने बारीक आहे, शाळेवाल्यांना लहान दिसली असेल. एका दिवसाची भानगड आहे हे त्यांना आत्ता, ह्या घटकेला उमगलं.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “कितीला झालेली पाहिजे म्हणायलेत ते?”

“एकतीस डिसेंबरला, आई. वर्षाच्या शेवटच्या दिवशी. आपली एक जानेवारीला झाली.”

“आपली कुठं एकला झाली?” पारूबाई म्हणाल्या. “आपली आदल्या दिशीच झाली की. नर्सबाईनं आणून मपल्या हातात दिली. तिचं अंग पुसलं, टोपडं घातलं, तुझ्या मायला फोन लावला. अन् मग कुठं फटाके वाजले नव्या सालाचे. संचारबंदी व्हती तरी पोरांनी वाजवलेच. पहिला बार झाला तशी दचकली मपल्या हातात. मी म्हणलं, बग, दुनियेत आली नाय तर घाबरायला लागली.”

रत्नमालेने शाळेचा कागद ओढून घेतला आणि त्यावरची तारीख पुन्हा वाचली.

मेघाला त्या रात्रीचं काही आठवत नव्हतं. ऐन वेळी बाळाचे ठोके कमी झाले, घाईघाईने पूर्ण भूल दिली. शुद्धीवर आली तेव्हा सकाळ होती आणि इंद्रजीत म्हणाला होता, पोरगी झाली, एक जानेवारीला, बाबा लई खूश आहेत. पाच वर्षं ती तेच धरून चालली होती. दर वर्षी एक तारखेला, अप्पाराव कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन संध्याकाळी परतले की केक कापायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी म्हणायचं, काय भाग्याची पोरगी, शौर्यदिनाला झाली.

तिने आधी नवऱ्याकडे बघितलं. इंद्रजीत जागाच होता.

“अहो,” ती म्हणाली, “आई काय म्हणायल्यात?”

“पारू,” अप्पाराव म्हणाले, “तू गप बस. तुला काय आठवतंय?”

“मला काय नाय आठवत?” पारूबाई उसळल्या. “नातीचा जन्म इसरते का मी? तुम्ही तर भाईर व्हरांड्यात व्हता. घड्याळ बघून तुम्हीच म्हणले, अजून वीस मिनिटं हायेत.”

वीस मिनिटं. मेघाने ते मनात एकदा म्हटलं, मग दुसऱ्यांदा. मग ती उठून पलंगाशेजारच्या कपाटाजवळ जाऊन उभी राहिली.

“बाबा, फाईल काढा.”

“फाईलीत काय हाय? तोच दाखला हाय.”

“दवाखान्याचं कार्ड असंल. घरी सोडताना देतेत ते. मी ते कधी बघितलंच नाय. तुम्ही घेतलं अन् कुलपात ठिवलं. काढा.”

असा हुकूम त्यांना ह्या घरात आजवर कोणी केला नव्हता. त्यांनी कमरेच्या करगोट्याची किल्ली सोडली. ती उलटी घातली, मग सुलटी, तरी कुलूप निघेना. शेवटी रत्नमालेने उठून ते उघडलं, फाईल काढली, आणि शिक्षिकेच्या सवयीने एकेक पान उलटत गेली. कार्ड सापडलं. तिने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं, ह्या वेळी मोठ्याने.

“मुलगी. वजन दोन किलो सहाशे. एकतीस डिसेंबर दोन हजार वीस. रात्री अकरा चाळीस.”

तिने कार्ड खाली ठेवलं आणि वडिलांकडे वळली.

“बाबा! पोरगी नियमात बसती! आठ दिवस मी हिला फोनवर नियम समजावून सांगायलेय. तोंड वाईट करून घ्यायलेय. अन् तुम्ही शेजारी बसून ऐकायलात? तुम्हाला ठाऊक व्हतं, अन् तुम्ही म्हणता एका वर्षानं काय बिघडतं?”

इंद्रजीत भिंतीपासून सरळ झाला. पाच वर्षांपूर्वीची ती सकाळ त्याला अगदी स्वच्छ दिसत होती. दवाखान्याचा क्लार्क बाबांच्या ओळखीचा. महापालिकेत पाठवायचा फॉर्म त्याने समोर ठेवला आणि बाबा म्हणाले, एक तारीख टाका, वीस मिनिटांनी काय होतं? क्लार्क म्हणाला, वडिलांनी सही केली तर माझी हरकत नाही. इंद्रजीतने सही केली. रात्रभर तो बायकोच्या काळजीने उभा होता, ती वाचली होती, पोरगी वाचली होती, त्या क्षणी कोणी काहीही समोर ठेवलं असतं तरी त्याने सही केली असती. पण हे तेव्हाचं झालं. गेल्या नऊ दिवसांचं काय? दर रात्री कामावर जाताना तो ठरवायचा, आज सांगू. आणि दर सकाळी परत आला की बाबांचा चेहरा बघून गप्प बसायचा.

“सही माझी हाय,” तो म्हणाला. “मेघा, सही मी केली.”

मेघाने त्याच्याकडे फक्त बघितलं. त्याच्याशी बोलायचं ते नंतर, एकट्यात, आणि ते सोपं जाणार नव्हतं हे त्यालाही कळलं.

“मी पायऱ्या झिजवायलेय,” ती अप्पारावांना म्हणाली. “त्या साहेबाच्या टेबलापुढं हात जोडून उभी राहिले. सरकारला शिव्या घातल्या. शाळेला घातल्या. ताईला वाईट बोलले. अन् माझ्या पोरीचा हक्क ह्याच घरात, ह्याच कपाटात, तुमच्या उशाशी! काहून केलं बाबा असं?”

अप्पारावांना खूप काही सांगायचं होतं. सव्वीस वर्षांत एकदाही कोरेगाव चुकलं नव्हतं. अंगात ताप असताना गेले, पारूचं ऑपरेशन झालं त्या साली गेले. आणि त्या वर्षी करोना. येऊ नका, गर्दी करू नका, घरातूनच वंदन करा. दवाखान्याच्या व्हरांड्यात मास्क लावून बसले होते आणि मनातून त्यांना वाटत होतं, आपण उद्या तिथे नसणार म्हणजे आपण कोणीच नाही. तेवढ्यात नर्स बाहेर आली.

“मी तिथं जाऊ शकलो नाय,” ते म्हणाले. “तव्हा मला वाटलं, तो दिवस मपल्या घरी आला. वीसच मिनिटं कमी व्हती, पोरी. मी ती भरली. पोरीचं नाव चांगल्या दिवसाला लागावं, एवढंच. ह्यो शाळेचा नियम आडवा येईल असं सपनात आलं नव्हतं.”

“त्या दिवसाला मीबी मान लवते, बाबा,” मेघा म्हणाली. “माझे आजोबा पायी गेले व्हते तिथं. पण ते शूर लोक खोट्या तारखेनं शूर झाले का? पोट माझं फाडलं. अन् तारीख तुम्ही ठरवली. मला न इचारता.”

अप्पारावांनी कपाटाचं उघडं दार लोटून दिलं.

रत्नमालेने डोळे पुसले आणि कामाला लागली. रडून झालं की कामाला लागायचं, हे तिने आईकडून घेतलं होतं. “दाखला दुरुस्त होतो,” ती म्हणाली. “आमच्या शाळेत दोघांचे झाले. दवाखान्याचं पत्र लागतं, हे कार्ड लागतं. अन् ज्यानं चुकीची माहिती दिली त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, की मी चुकीची तारीख सांगितली. कागद उद्याच दिले तर आठ दिवसांत होईल. शाळेनं पंधरा दिले होते, नऊ गेले, सहा उरले. मी त्या मुख्याध्यापिकेला भेटते, शिक्षक म्हणून भेटते. दोन दिवस थांबवते.”

“प्रतिज्ञापत्र मी देतो,” इंद्रजीत म्हणाला. “सही माझी हाय.”

“सही तुमची हाय. माहिती कोणाची हाय?” मेघा म्हणाली.

सगळ्यांनी अप्पारावांकडे बघितलं.

“मी?” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम ताठ झाला. “स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ, मी खोटं सांगितलं म्हणून? तेहतीस वर्षांत मपल्या हातून एक खोटी ओळ गेली नाय. लोक मला दस्तऐवज दाखवायला येतात. ह्या गल्लीत तोंड कसं दाखवू? नाय. दुसरं काही बी सांगा.”

“गेली की,” पारूबाई म्हणाल्या.

“काय?”

“खोटी ओळ. ही गेली की.” त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. पन्नास वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याच्या बाजूने बसत आल्या होत्या. आज त्या उठून सुनेच्या शेजारी जाऊन बसल्या. “दर एक जूनला तुम्ही त्या गुरुजीचा उद्धार करता. मेलेल्या माणसाला सोडत नाय. मी ऐकते. अन् तुम्ही स्वतः काय केलं ह्या लेकराचं?”

बैठक तिथेच मोडली. अप्पाराव उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ऊन टळटळीत होतं, तरी बसले.

गुरुजींची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. अप्पारावांची आई सांगायची, तू हरभरा सोंगायच्या दिवसांत झालास, दीक्षेच्या आदल्या साली. म्हणजे पंचावन्न सालचा माघ किंवा फाल्गुन. पण गावच्या शाळेत पट भरत नव्हता, शाळा बंद पडायची वेळ आली होती. गुरुजी वस्तीत आले आणि हाताला लागेल ते पोर घेऊन गेले. वयाची परीक्षा एकच : उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायचा. चार वर्षांच्या अप्पाचा हात कानापर्यंत पोचेना. गुरुजींनी तो ओढून कानाला लावला आणि लिहिलं, एक जून त्रेपन्न. वर्गातल्या सगळ्यांचीच एक जून. पुढे जिल्हा परिषदेत एकतीस मेला निवृत्त होणाऱ्यांची एवढी गर्दी असायची की एकाच मांडवात सतरा जणांना नारळ द्यावे लागायचे. अप्पारावही त्याच रांगेत उभे राहिले, दीड वर्षाहून जास्त आधी, अंगात चांगली ताकद असताना. त्या दिवशी घरी येऊन ते म्हणाले होते, माझ्या जन्माची तारीखसुद्धा दुसऱ्याच्या सोयीची.

ओट्यावर बसून त्यांना तेच वाक्य ऐकू येत होतं, आणि ह्या वेळी ते मितू बोलत होती. साठ वर्षांची झालेली मितू.

तेवढ्यात खरी मितू शेजारच्या दारातून धावत आली. “आबा, उन्हात काहून बसले?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत पळाली.

सोमवारी सकाळी कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या टपरीसमोर अप्पाराव आणि मेघा बाकावर बसले होते. अप्पारावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि निळी फाईल मांडीवर धरली होती. ‘उद्या दहाला निघू’ एवढं ते रात्रीच्या जेवणावर म्हणाले होते, आणि मेघाने ‘व्हय’ म्हटलं होतं.

टायपिंगवाला चटपटीत होता. “बोलो चाचा, क्या लिखना है?” त्याने विचारलं, आणि अप्पारावांनी सांगायला सुरुवात केली. इतरांचे अर्ज सांगायचे तशा सरकारी मराठीत, न अडखळता. माझी नात पारमिता हिचा जन्म दिनांक ३१ डिसेंबर २०२० रोजी रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी झाला असताना मी जाणूनबुजून १ जानेवारी २०२१ अशी चुकीची तारीख सांगितली.

टायपिंगवाल्याची बोटं थांबली. “चाचा, ‘नजरचुकीनं’ असं टाकतात सगळे. ‘जाणूनबुजून’ नका टाकू. खाली-पीली लफडा होईल.”

अप्पारावांनी मेघाकडे पाहिलं. मेघाही विचारात पडली. तिला दाखला हवा होता, सासऱ्यांची फजिती नको होती.

“नजरचुकीनं टाका,” ती म्हणाली.

“नाय,” अप्पाराव म्हणाले. “नजर चांगली व्हती मपली. घड्याळ बघूनच सांगितलं मी.” मग ते थांबले. “पण काम अडणार असंल तर... तुम्ही असं टाका, ‘माझ्या आग्रहाखातर चुकीची तारीख लिहिली गेली’.”

त्याने तसं टाकलं. “आता तुमचं नाव, पत्ता. पैदाइश की तारीख?”

इतकी वर्षं हा प्रश्न आला की उत्तर जिभेवर तयार असायचं. आज अप्पाराव मांडीवरच्या फाईलकडे बघत राहिले. कागदाच्या तळाशी छापून येणारी ओळ त्यांना पाठ होती, हजारदा त्यांनी ती दुसऱ्यांसाठी लिहिली होती : वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

“चाचा? तारीख?”

“एक जून त्रेपन्न,” ते म्हणाले. “पण ती खरी नाय.”

“मग खरी कोणती?”

“म्हाईत नाय. हरभरा सोंगत व्हते, एवढंच आई सांगायची.”

टायपिंगवाला हसला, पण मेघाचा चेहरा बघून लगेच गप्प झाला. ती सासऱ्यांकडे बघत होती. राग अजून गेला नव्हता, इतक्यात जाणारही नव्हता. पण तिच्या शेजारी आता एक म्हातारा माणूस बसला होता ज्याला स्वतःचा वाढदिवस माहीत नव्हता, आणि तोही तिला पहिल्यांदाच दिसत होता.

“एक जूनच टाका, भाऊ,” ती हळू म्हणाली. “त्यांच्याजवळ दुसरी नाय.”

कागद निघाला. अप्पारावांनी सही केली, नोटरीने शिक्का मारला. सवयीने त्यांनी निळी फाईल उघडली आणि कागद घ्यायला हात पुढे केला.

मेघाने कागद दिला नाही. तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, प्रत्येक आकड्याखाली बोट ठेवून. एकतीस. डिसेंबर. दोन हजार वीस. अकरा चाळीस. मग तिने हात पुढे केला.

“बाबा, फाईल द्या इकडं.”

अप्पारावांनी फाईलकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि दिली. मग कमरेला हात घालून कपाटाची किल्लीही सोडायला लागले.